ओपन कॉम्प्लेक्स: नाव आधी पडलं, पुरावा नंतर आला

ट्रान्सक्रिप्शनचा धडा उघडला की एक वाक्य हमखास येतं. आरएनए पॉलिमरेझ प्रमोटरवर बसतं, आधी क्लोज्ड कॉम्प्लेक्स तयार होतो, मग डीएनएचे दोन पेड सुटून ओपन कॉम्प्लेक्स तयार होतो, आणि आरएनए बनायला सुरुवात होते. नेटची तयारी करताना आपण हे वाक्य पाठ करतो, आकृतीत छोटासा बबल काढतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

पण समजा पीएचडीच्या मुलाखतीत कुणी विचारलं, "पेड सुटले हे कशावरून कळलं?" तर काय सांगाल? इथे एक गंमत आहे. 'ओपन कॉम्प्लेक्स' हे नाव रूढ झालं तेव्हा त्यातला डीएनए उघडा आहे हे कुणी थेट पाहिलेलंच नव्हतं. नाव पडलं ते त्या कॉम्प्लेक्सच्या वागण्यावरून. मग पुढची चाळीस-पन्नास वर्षं वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या पद्धतींनी 'उघडलं' म्हणजे काय ते मोजलं, आणि दर वेळी उत्तर थोडं वेगळं आलं. आजची पोस्ट त्याबद्दल आहे. (पेड हा शब्द मी वेणीच्या पेडांसारखा वापरतोय. स्ट्रँडला याहून चांगला मराठी शब्द मला सापडलेला नाही.)

आधी प्रश्न अवघड का आहे ते बघू. डीएनएचा क्रम वाचून आरएनए बनवायचा तर आतले बेस उघडे पडायला हवेत. पण शरीराच्या तापमानाला डीएनएचे पेड आपोआप सुटत नाहीत. नळीत ते पूर्ण वेगळे करायचे तर तापमान कितीतरी वर न्यावं लागतं. हेलिकेझसारखी एन्झाइम्स पेड सोडवतात, पण त्यासाठी एटीपी जाळतात. बॅक्टेरियाचं नेहमीचं पॉलिमरेझ, म्हणजे सिग्मा-७० वालं, उघडण्यासाठी एटीपी जाळत नाही. नुसतं डीएनएला धरून, त्या धरण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ते डझनभर बेसच्या जोड्या सोडवतं. हे पटायला सोपं नव्हतं.

आरएनए पॉलिमरेझ १९५९-६० च्या सुमारास सापडलं. सॅम्युअल वाइस, जेरार्ड हुर्विट्झ, ऑड्री स्टीव्हन्स आणि जेम्स बोनर यांच्या प्रयोगशाळांत ते स्वतंत्रपणे मिळालं. पहिली काही वर्षं एन्झाइम शुद्ध करण्यात गेली, आणि त्याच कामात आपल्या विषयाचा पहिला धागा हाती लागला. रिचर्ड बर्जेस तेव्हा हार्वर्डमध्ये वॉटसनच्या प्रयोगशाळेत पीएचडीचा विद्यार्थी होता. फॉस्फोसेल्युलोजच्या कॉलममधून काढलेलं त्याचं पॉलिमरेझ वासराच्या थायमसमधल्या डीएनएवर छान चालायचं, पण टी४ या फाजच्या डीएनएवर जवळपास काहीच करायचं नाही. कॉलममध्ये वेगळा झालेला प्रथिनाचा अंश परत मिसळला की टी४ वरही काम सुरू! तो अंश म्हणजे सिग्मा. १९६९ मध्ये 'नेचर'मध्ये बर्जेस, ट्रॅव्हर्स, डन आणि बाउट्झ यांचा पेपर आला. तो प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

पाठ्यपुस्तकं इथून लगेच 'सिग्मा प्रमोटर ओळखतो' या निष्कर्षावर जातात. मला मात्र त्या दोन डीएनएंमधला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. थायमसचा डीएनए काढताना तुटतो. त्यात चिरा असतात, मोकळी टोकं असतात. म्हणजे जागोजागी पेड आधीच सैल झालेले असतात. सिग्मा नसलेलं कोअर एन्झाइम अशा आयत्या फटींमधून आत शिरतं. टी४ चा डीएनए धड असतो, त्यात आयती फट नसते. तिथे उघडायचं काम स्वतःच करावं लागतं आणि ते एकट्या कोअरला जमत नाही. म्हणजे सिग्माचं काम फक्त पत्ता शोधण्याचं नसून दार उघडण्याचंही असावं, हा इशारा त्या पहिल्याच निरीक्षणात होता. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बर्जेसने फक्त थायमसचा डीएनए वापरला असता तर त्याचं एन्झाइम ठणठणीत आहे असंच दिसलं असतं. टेम्पलेट कोणता घेतला यावर कोणता प्रश्न दिसणार हे ठरलं.

त्यानंतर बर्कलीचा मायकेल चेंबरलिन येतो. हिंकल आणि चेंबरलिन यांनी १९७२ मध्ये टी७ फाजच्या डीएनएवर पॉलिमरेझ किती घट्ट बसतं ते मोजलं. ३७ अंशांना प्रमोटरवरचा कॉम्प्लेक्स तासन् तास सुटत नाही. थंडीत मात्र तो तेवढा टिकत नाही. मग मँगेल आणि चेंबरलिन यांनी १९७४ मध्ये रिफाम्पिसिनची शर्यत लावली. डीएनए आणि पॉलिमरेझ एकत्र ठेवायचं, मग न्यूक्लिओटाइड्स आणि रिफाम्पिसिन एकदमच टाकायचं. जे एन्झाइम पूर्ण तयारीत बसलंय ते औषध पोहोचायच्या आत साखळी सुरू करतं. जे तयार नाही ते अडकतं. या 'झटपट सुरू होणाऱ्या' कॉम्प्लेक्सचं प्रमाण तापमान वाढवत नेलं की एका अरुंद टप्प्यात एकदम वाढतं.

डीएनए वितळतानाही आलेख असाच वळतो, एकदम. म्हणून तर्क झाला: झटपट सुरू होणारा कॉम्प्लेक्स म्हणजे पेड सुटलेला कॉम्प्लेक्स. म्हणजेच ओपन.

तर्क चांगला होता, पण तर्कच होता. तापमानाबरोबर एकदम बदलणारी गोष्ट डीएनएच असेल असं थोडंच आहे? प्रथिनाचा आकार बदलला तरी आलेख तसाच दिसू शकतो. हेपारिन टाकल्यावर न सुटणं, तापमानाला संवेदनशील असणं, लगेच सुरुवात करणं ही सगळी वागण्याची लक्षणं. पेड सुटलेत का, याचं उत्तर डीएनएकडूनच यायला हवं होतं.

ते आणण्याची पहिली युक्ती मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात आवडते. जेम्स वांग (पहिलं टोपोआयसोमरेझ शोधणारे तेच) आणि सोसिए यांचा १९७२ चा प्रयोग. गोल डीएनए घ्यायचा, पण एका पेडाला चीर असलेला. त्यावर पॉलिमरेझ बसू द्यायचं. ते जिथे बसेल तिथे पीळ थोडा उलगडेल. चीर असल्यामुळे बाकीचा डीएनए मोकळेपणाने फिरून जुळवून घेईल. आता लायगेझ टाकून चीर सांधायची आणि मग पॉलिमरेझ काढून टाकायचं. उघडलेला भाग परत मिटतो, पण तेवढ्या पिळांची तूट वर्तुळात कायमची अडकून राहते, कारण सांधलेल्या वर्तुळातून पीळ बाहेर जायला वाटच नसते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे एन्झाइम गेलं तरी पिळाचा हिशेब जात नाही. ती तूट मोजायची आणि बसलेल्या पॉलिमरेझच्या संख्येने भागायची.

याच पद्धतीने वांग यांच्या गटाने १९७७ मध्ये दिलेला आकडा होता एका पॉलिमरेझमागे सुमारे २४० अंश. एका बेसजोडीला साधारण ३४ अंश धरले तर सातेक जोड्या. पण ही पद्धत फक्त एकूण किती पीळ कमी झाला ते सांगते. सात जोड्या पूर्ण सुटल्या, की चाळीस जोड्या थोड्या थोड्या सैल झाल्या, की मध्ये पेड सुटले आणि बाजूला डीएनए उलटा आवळला गेला, हे तिला कळत नाही. पुढे १९८२ मध्ये गॅम्पर आणि हर्स्ट यांनी पिळाच्याच हिशेबाने सुमारे १७ जोड्या उघडतात असं काढलं. सात आणि सतरा! पद्धतीचं तत्त्व एकच, उत्तरात दुपटीहून जास्त फरक.

मधल्या काळात रसायनवाले पोहोचले होते. हार्वर्डमध्ये गिल्बर्टच्या प्रयोगशाळेत उलरिख सीबेनलिस्टने डायमिथिल सल्फेट वापरलं. ॲडेनिनचा आणि सायटोसिनचा जो नायट्रोजन जोडीदाराला धरण्यात गुंतलेला असतो, तिथे हे रसायन एरवी पोहोचू शकत नाही. पेड सुटले तरच मिथिल लागतं. टी७ च्या एका प्रमोटरवर असे उघडे बेस नेमके कुठे आहेत ते त्याने दाखवलं. ११ जोड्यांचा पट्टा, −१० च्या मधून सुरू होऊन सुरुवातीच्या जागेच्या किंचित पुढपर्यंत. साल १९७९. म्हणजे 'ओपन' हे नाव चालू झाल्यावर पाचेक वर्षांनी कोणते बेस ओपन आहेत ते कळलं.

पेशीच्या आत हे होतं का, याला आणखी दहा वर्षं गेली. १९८९ मध्ये सासे-ड्वाइट आणि ग्राला यांनी जिवंत ई. कोलायमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकलं. हो, तेच, गावाकडे विहिरीत टाकतात ते जांभळं औषध. ते सुट्या झालेल्या थायमिनवर पटकन मारा करतं, जोडीत असलेल्या थायमिनला फारसा धक्का लावत नाही. नंतर कुठल्या थायमिनला इजा झाली ते बघितलं की बबल कुठे होता ते कळतं. स्वस्त रसायन आणि नेमका प्रश्न. आजही अनेक प्रयोगशाळा ही पद्धत वापरतात.

आता नाव हलायला लागतं तो भाग.

विल्यम मॅक्ल्युअरने १९८० मध्ये प्रमोटरवरचं बसणं आणि उघडणं वेगवेगळं मोजायची रीत बसवली. पॉलिमरेझला सुरुवातीचे मोजकेच न्यूक्लिओटाइड दिले तर ते दोन-तीन अक्षरांचे तुकडे बनवतं आणि सोडून देतं, पुन्हा बनवतं, पुन्हा सोडतं. हे तुकडे यायला किती उशीर लागतो, आणि एन्झाइमचं प्रमाण बदललं की तो उशीर कसा बदलतो, यावरून दोन आकडे वेगळे काढता येतात: किती सहज बसतं आणि बसल्यावर किती वेगाने उघडतं. यामुळे जनुकांच्या नियंत्रणाचं चित्र बदललं. लॅक प्रमोटरवर सीआरपी मुख्यतः बसायला मदत करतं. पण लॅम्डा फाजच्या पीआरएम प्रमोटरवर लॅम्डाचा रिप्रेसर पॉलिमरेझला बसायला फारशी मदत करत नाही, तो बसल्यानंतरचा टप्पा दहापटीच्या आसपास वेगवान करतो (हॉली आणि मॅक्ल्युअर, १९८२). म्हणजे पेशी जनुक चालू-बंद करताना नेमका हा उघडण्याचा टप्पाही पकडते. नेटला 'ॲक्टिव्हेटर पॉलिमरेझला बोलावतो' एवढं उत्तर चालून जाईल, पण ते अर्धंच आहे.

मग १९८५ मध्ये हेन्री बुक आणि मॅक्ल्युअर यांनी लॅक-यूव्ही५ प्रमोटरवर तापमान बदलत हेच मोजलं आणि दोनाऐवजी तीन पायऱ्या सापडल्या. मधली अवस्था घट्ट आहे, सहज सुटत नाही, पण तिच्यातला डीएनए मिटलेलाच आहे. थंडीत हीच अवस्था साठते. म्हणजे ज्या घट्टपणावरून आपण 'ओपन' ओळखत होतो, तो घट्टपणा पेड सुटण्याच्या आधीच येऊ शकतो. विस्कॉन्सिनमध्ये टॉम रेकॉर्डच्या गटाने लॅम्डाच्या पीआर प्रमोटरवर वर्षानुवर्षं काम केलं. तिथे २०१० मध्ये उलट बाजू दिसली. पूर्ण बबल एकाच पायरीत उघडतो, पण जो उघडा कॉम्प्लेक्स मिळतो तो अस्थिर असतो. टिकाऊपणा नंतर येतो, पॉलिमरेझचे भाग पुढच्या डीएनएभोवती आवळले गेल्यावर. एका प्रमोटरवर घट्ट पण मिटलेला, दुसऱ्यावर उघडा पण सैल. उघडं असणं आणि टिकाऊ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आता स्पष्ट झालं. चेंबरलिनच्या काळातल्या चाचण्या त्यातली दुसरी मोजत होत्या.

हा अस्थिरपणा म्हणजे दोष नव्हे, हे विस्कॉन्सिनच्याच रिक गोर्सच्या गटाने दाखवलं. रायबोसोमल आरएनएच्या प्रमोटरवर ओपन कॉम्प्लेक्स मुळातच क्षणभंगुर असतो. उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. पहिलं न्यूक्लिओटाइड लगेच मिळालं तरच तो पुढे जातो. त्यामुळे पेशीत एटीपी-जीटीपी भरपूर असतील तेव्हा रायबोसोम बनतात, तंगी असेल तेव्हा नाही (१९९७). पेशी या मिटण्याचाच मापक म्हणून वापर करते.

पिळाचंही तसंच. बॅक्टेरियाच्या पेशीत डीएनएचा पीळ थोडा कमी ठेवलेला असतो, गायरेझ ते काम करतं, आणि पीळ कमी असला की प्रमोटर उघडायला सोपं जातं. यावरून कुणी सरसकट नियम करेल की पीळ जितका कमी तितकं ट्रान्सक्रिप्शन जास्त. पण खुद्द गायरेझच्या जनुकांचं उलटं आहे. मेंझेल आणि गेलर्ट यांनी १९८३ मध्ये दाखवलं की डीएनए शिथिल झाला की ही जनुकं जास्त चालतात. घरातलं पाणी संपल्यावर पंप चालू व्हावा तसं.

आता थोडं मागे, १९७५ ला जाऊ. डेव्हिड प्रिब्नो आणि स्वतंत्रपणे हाइन्झ शालर यांच्या गटाने प्रमोटरांमध्ये −१० च्या जागी टी-ए-टी-ए-ए-टी सारखा क्रम असतो हे दाखवलं. सगळ्यांना लगेच सुचलेलं स्पष्टीकरण: ए-टी जोड्या कमकुवत, म्हणून तिथून पेड सुटायला सोपं. शिकवतानाही हेच सांगतात. चूक नाही, पण पुरेसं नाही. नुसता कमकुवतपणा हवा असता तर ए आणि टी यांचा कोणताही क्रम चालला असता. प्रत्यक्षात या सहापैकी काही जागांवर अक्षर बदललं की प्रमोटर कोसळतो. म्हणजे क्रम वाचला जातोय. पण कसा?

१९८८ मध्ये हेलमान आणि चेंबरलिन यांनी सिग्माच्या क्रमात एका ठिकाणी जपून ठेवलेली ॲरोमॅटिक अमिनो आम्लं पाहून सुचवलं होतं की हा भाग सुट्या पेडाला धरत असावा. नव्वदीच्या दशकात जेफ्री रॉबर्ट्सच्या प्रयोगशाळेने दाखवलं की पॉलिमरेझ −१० चा सुटा, एकेरी पेड क्रम ओळखून धरतं, तेही टेम्पलेट नसलेला पेड. आणि २०११ मध्ये फेक्लिस्टोव्ह आणि सेथ डार्स्ट यांनी स्फटिकरचनेत ते दिसेल असं मांडलं: −११ वरचा ए आणि −७ वरचा टी रांगेतून बाहेर वळून सिग्माच्या दोन खोबणींत जाऊन बसलेत. जोडीत असताना ही अक्षरं तशी वळूच शकत नाहीत.

थांबून विचार करा याचा अर्थ काय. पाठ्यपुस्तकाचा क्रम आहे: ओळखणं, बसणं, मग उघडणं. −३५ साठी हा क्रम ठीक आहे, तो भाग दुपेडी अवस्थेतच वाचला जातो. पण −१० साठी उघडणं आणि ओळखणं ही एकच घटना आहे. पॉलिमरेझ −१० ओळखून मग उघडत नाही, उघडल्याशिवाय त्याला ते ओळखताच येत नाही. आणि एटीपीशिवाय उघडण्याचं कोडंही इथेच बरंचसं सुटतं: बाहेर वळलेल्या बेसना मिळणारी पकड हीच किंमत चुकवते. (सिग्मा-५४ ला मात्र एटीपी जाळणारा मदतनीस लागतो, आणि आपल्या पेशींतल्या पॉलिमरेझ-२ ला टीएफआयआयएच. त्यांची गोष्ट वेगळी आहे.)

पिळाचा हिशेब शेवटी एकेका रेणूवर लागला. २००४ मध्ये रेव्याकिन, एब्राइट आणि स्ट्रिक यांनी डीएनएचं एक टोक काचेला, दुसरं चुंबकी मण्याला चिकटवलं, मणी फिरवून पीळ दिला आणि पॉलिमरेझ सोडलं. बबल उघडला की उरलेल्या डीएनएचा पीळ बदलतो आणि मणी वर किंवा खाली सरकतो. उलगड निघाली सुमारे १.२ वेढे, म्हणजे तेराच्या आसपास जोड्या. सात आणि सतराच्या मध्ये. वांग यांचीच कल्पना, फक्त कोट्यवधी रेणूंच्या सरासरीऐवजी एका रेणूवर.

हे सगळं ई. कोलायपुरतं नाही. क्षयाच्या जंतूचं पॉलिमरेझ बऱ्याच प्रमोटरांवर ई. कोलायपेक्षा कच्चे ओपन कॉम्प्लेक्स बनवतं आणि ते टिकवायला आरबीपीए आणि कार्डी नावाची मदतनीस प्रथिनं वापरतं. आपल्याकडे क्षयाच्या उपचाराचा कणा असलेलं रिफाम्पिसिन पेड सुटणं थांबवत नाही. ते नंतर, आरएनए दोन-तीन अक्षरांचा झाला की वाट अडवतं. म्हणून तर १९७४ ची शर्यत शक्य झाली. याउलट फिडाक्सोमायसिन त्याच्या आधी, उघडण्याच्या टप्प्यावरच पॉलिमरेझला अडवतं. कोरॅलोपायरोनिन नावाच्या दुसऱ्या एका प्रतिजैविकाने क्षयाच्या जंतूचं पॉलिमरेझ अर्धवट उघडलेल्या अवस्थेत अडकवून २०१९ मध्ये तिची रचना मिळवली गेली. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या क्षयासाठी नवी औषधं शोधताना उघडण्याच्या कोणत्या पायरीवर हल्ला करायचा, हा आता हिशेबातला प्रश्न आहे.

औषधाने न अडकवता या पायऱ्या पाहायचा प्रयत्न २०२४ मध्ये आला. रूथ सेकर (२०१० च्या लॅम्डा पीआरच्या पेपरवरही त्यांचं नाव आहे) आणि सहकाऱ्यांनी पॉलिमरेझ आणि तोच लॅम्डा पीआर प्रमोटर मिसळून १२० आणि ५०० मिलीसेकंदांनी नमुना गोठवला आणि क्रायो-ईएमखाली पाहिला. बबलची मागची कड झपाट्याने सुटते, मग टेम्पलेट नसलेल्या पेडाचे दोन बेस एकेक करून खोबणीत जातात, आणि त्यासोबत पॉलिमरेझचा जबडा मिटत जातो. १२० मिलीसेकंदांपर्यंत टेम्पलेट पेड पूर्ण सुटलेला असतो, पण तो अजून जागेवर स्थिरावलेला नसतो. चेंबरलिनच्या शर्यतीत हा कॉम्प्लेक्स कुठे मोजला गेला असता? परमँगनेटने त्याला ओपन म्हटलं असतं, हेपारिनने बहुधा नाही. त्यानंतर स्थिरावलेल्या ओपन कॉम्प्लेक्सपर्यंत प्रथिनात नेमके कोणते बदल होतात, ते त्या चित्रांत अजून आलेलं नाही.